रेशनच्या पिशवीपलीकडचं ताट

(बारामती तालुक्यातल्या काटेवाडी येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



गरीब माणसाला जगायला रोज किती धान्य पुरतं, हा प्रश्न आपल्या मुलखात सरकारने एकदा उघड उघड विचारला होता. 1876-77 चा दुष्काळ होता. दुष्काळी कामांवर खडी फोडायला हजारो माणसं जमली होती. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने हिशेब मांडला की दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे एवढी मजुरी माणसाला पुरे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी ही मजुरी नाकारून कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. तिकडे मद्रासेत कॉर्निश नावाचे सरकारी डॉक्टर टेंपलसाहेबांशी भांडत होते. राबणारा माणूस एवढ्या धान्यावर टिकणार नाही, त्याला डाळ लागते, भाजी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

आज हे सांगण्याचं कारण आहे. गरिबाच्या जेवणाचा विषय निघाला की आपण अजूनही धान्याची पोती मोजतो. डाळ आणि भाजी त्या हिशेबातून तेव्हा गळली, ती आजतागायत गळलेलीच आहे. घरातली बाईसुद्धा महिन्याचा बाजार भरताना आधी धान्य, मग तेल, साखर, चहापत्ती असा विचार करते, आणि उरेल त्यात डाळ-माळवं बसवते. ही यादी उलटी करा, एवढं सांगायला मी आले आहे.

स्मृतिव्याख्यान आहे, तेव्हा एका माणसाची आठवण काढते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले. दुष्काळी माणदेशाच्या कडेचं ते गाव. शिक्षणाने ते संख्याशास्त्रज्ञ. जगाचा अन्नधान्याचा हिशेब ठेवणाऱ्या रोमच्या संस्थेत 1951 पासून वीस वर्षं त्यांनी काम केलं. त्या काळात प्रगत देशांतले तज्ज्ञ सांगत होते की गरीब देशांत प्रथिनांचा तुटवडा आहे, तेव्हा प्रथिनांच्या भुकट्या बनवा आणि वाटा. सुखात्मे म्हणाले, तुम्ही चुकीच्या जागी बोट ठेवताय. आमच्याकडे माणूस भाकरी आणि डाळ खातो. ती त्याला पोटभर मिळाली तर प्रथिनं त्यातूनच येतात. पोटच अर्धं राहत असेल, तर शरीर प्रथिनंसुद्धा जाळून टाकतं.

या म्हणण्यात एक अट दडलेली आहे. भाकरीबरोबर डाळ हवी. ज्वारी, बाजरी, गहू यांत लायसीन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत ज्याची उणीव, ते धान्यात असतं. दोन्ही एका जेवणात आली की दोन्हींचं पोषणमूल्य वाढतं. आपल्या आज्यांनी पिठलं-भाकरी, मटकीची उसळ आणि भाकरी, कुळथाचं माडगं, डाळ घालून केलेली पालेभाजी ही जी जेवणं लावून दिली, त्यांचं शास्त्र हेच आहे. ती जेवणं गरिबीतून आली खरी, पण शरीराच्या दृष्टीने ती गरीब नव्हती.

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात आले आणि खेड्यांकडे वळले. तिथे त्यांनी धरलेला धागा काटेवाडीला जवळचा वाटेल. पाणी घाण असेल, शौचाची सोय नसेल, तर मूल खातं त्यातलं बरंच जुलाबात आणि जंतांच्या पोटात जातं, म्हणून आहार सुधारायचा तर स्वच्छतेपासून सुरुवात करा, असा त्यांचा आग्रह होता. या गावात सुनेत्राताई पवारांच्या पुढाकाराने स्वच्छतेचं आणि पर्यावरणाचं काम उभं राहिलं, ते बाहेरगावाहून लोक बघायला येतात. त्या कामाकडे आहाराचं काम म्हणूनही बघा. ज्या घरातलं पोर महिन्यातून दोनदा हगवणीने झोपतं, त्या घराने कितीही पौष्टिक आणलं तरी ते अंगी लागत नाही. हात धुण्याचा साबण हा आहाराच्या खर्चातला सगळ्यात स्वस्त जिन्नस आहे.

आता आजच्या हिशेबाकडे येते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. पाच माणसांच्या घरात पंचवीस किलो गहू-तांदूळ येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये माणसाचं दिवसाचं ताट कसं असावं ते ग्रॅममध्ये सांगितलं आहे. धान्य 250 ग्रॅम. पाच माणसांना महिन्याचं धान्य झालं साडेसदतीस किलो. त्यातलं पंचवीस किलो, म्हणजे दोन तृतीयांश, रेशनवर आलं. ज्या गोष्टीसाठी 1877 साली मजुरांनी कामं सोडली, ती आज बऱ्याच अंशी दारात येते. याचं मोल मी कमी लेखत नाही.

पण त्याच ताटात डाळी-कडधान्यं, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी-मासे, मिळून 85 ग्रॅम सांगितले आहेत. पाच माणसांना महिन्याला किती होतात? पावणेतेरा किलो. बायांनो, मनातल्या मनात आपला डबा आठवा. तूरडाळ दोन किलो, मूगडाळ अर्धा, मटकी-हरभरा मिळून एखादा किलो. अंडी-मासे धरले तरी आपण तिसऱ्या हिश्शावरच घुटमळतो. खरी खोट इथे आहे. आणि रेशनच्या धान्याने जे पैसे वाचले, ते नेमके या डब्यात यायला हवे होते.

ते कुठे गेले? तीन ठिकाणी बोट ठेवता येतं.

पहिलं तेल. पोषण संस्था माणशी दिवसाला 27 ग्रॅम सांगते. पाच माणसांना महिन्याला चार किलोच्या आसपास. ज्या घरात रोज एकदा तळण होतं, भाजीवर तर्री दिसल्याशिवाय कुणी जेवत नाही, तिथे सहा-सात किलो सहज लागतं. वरच्या दोन-तीन किलोंच्या पैशात तेवढीच कडधान्यं येतात.

दुसरी साखर. आपण साखरेच्या मुलखात राहतो. भवानीनगरचा छत्रपती कारखाना, माळेगाव, सोमेश्वर. सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते, ती घरात येते आणि आली म्हणून संपते. दिवसातून चारदा चहा, प्रत्येक कपात दोन चमचे. माणशी दिवसाला 25 ग्रॅमच्या आत साखर ठेवा असं सांगितलं जातं, आणि ती मर्यादा आपल्याकडे दिवस मावळायच्या आत ओलांडली जाते. सवलतीची साखरही महागच पडते, कारण पुढे मधुमेहाच्या गोळ्यांचा खर्च तिच्यात धरावा लागतो.

तिसरं ठिकाण म्हणजे किराणा दुकानाच्या दारात लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा. एकदा पाच रुपयांची पुडी हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचा. वजन बारा ग्रॅम लिहिलं असेल, तर किलोला चारशे सोळा रुपये झाले. या भावाने आपण तूरडाळ घेणार नाही, शेंगदाणे घेणार नाही, बटाटा आणि मीठ मात्र घेतो. दोन पोरं, रोज एकेक पुडी, महिन्याचे तीनशे रुपये. अंडं सहा-सात रुपयांना मिळतं. तीनशे रुपयांत चाळिसेक अंडी येतात. ज्या घरात अंडं चालत नाही तिथे दोन किलो शेंगदाणे आणि वर गूळ येतो. पोराला पुडी का मिळते, हेही मला माहीत आहे. आई खुरपायला गेलेली असते, घरात आयतं काही नसतं, पोर रडतं, आजी पाच रुपये काढून देते. त्यात आजीचा दोष नाही. म्हणून उपाय आजीच्या हाताशी ठेवा. फुटाणे, भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा एका डब्यात, पोराचा हात पोचेल अशा जागी. मात्र अगदी लहान मुलाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. त्याला कूट करून द्या.

आता यादी उलटी करायची म्हणजे काय, ते सांगते. बाजाराला निघताना आधी कडधान्याचे पैसे बाजूला काढायचे. तूरडाळच हवी हा हट्ट सोडायचा. आपल्याकडे वरण म्हणजे तूर असं ठरून गेलंय आणि तूर महागली की वरण पातळ होतं. तूर वर गेली की मसूर, हरभरा, चवळी, हुलगा यांतलं काहीतरी तिच्या खाली असतं. मटकी, हुलगा, हरभरा यांच्या शंभर ग्रॅमात वीसएक ग्रॅम प्रथिनं असतात, तूरडाळीपेक्षा फार कमी नाहीत. सोयाबीनच्या वड्यांचं जवळजवळ निम्मं वजन प्रथिनांचं असतं आणि त्या पाण्यात फुगून भांडं भरतात. मोड आणले तर क जीवनसत्त्व वाढतं आणि लोह अंगाला लागू न देणारा घटक कमी होतो. यासाठी लागतं फक्त भिजवायला पाणी, ओलं फडकं आणि एखादा दिवस-रात्र.

ज्वारी-बाजरीबद्दल खरं बोललं पाहिजे. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून व्यासपीठावरून सगळे सांगतात, भाकरी खा. भाकरी उत्तमच आहे. आपल्या शेजारी सोलापुरात मोहोळला निवडलेली मालदांडी ज्वारी, सुप्याच्या जिरायत पट्ट्यातली बाजरी, ही आपली धान्यं आहेत. पण आज दुकानात ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. ज्या बाईला गहू फुकट मिळतो तिला ज्वारी विकत घे म्हणून सांगणं, हा सल्ला आपल्या सोयीचा आहे, तिच्या सोयीचा नाही. तिने रेशनचा गहूच दळावा. फक्त गिरणीत नेताना पाच किलो गव्हात एक किलो हरभरा टाकावा. पोळी थोडी खुसखुशीत होते, घरात कुणी कुरकुरत नाही, आणि डब्यातली डाळ न वाढवता प्रथिनं वाढतात. बाजरी थंडीत, निदान आठवड्यातून दोनदा परवडली तर घ्यावी. आपल्याच राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या संस्थेबरोबर काढलेला धनशक्ती हा बाजरीचा वाण लोहासाठीच निवडलेला आहे. ज्याच्याकडे घरची चार गुंठे जिरायत जमीन आहे त्याने तो घरापुरता पेरावा.

रेशनच्या तांदळाचंही बोलायला हवं. त्यात कधीकधी काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळट, गुळगुळीत. पाण्यावर तरंगतात. गावोगावी अफवा पसरली की हा प्लास्टिकचा तांदूळ. माझी सगळी नोकरी अंगणवाडीच्या कामात झाली, मी डोळ्यांनी पाहिलंय, सुपात तांदूळ घेऊन बाया ते दाणे एकेक करून वेचतात आणि कोंबड्यांना टाकतात. अहो, ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 घातलेलं असतं. शंभर दाण्यांत एक अशा प्रमाणात ते मिसळलेले असतात. मोफत आलेलं औषध आपण निवडून टाकतो आणि मग दवाखान्यात रक्त वाढायच्या गोळ्या मागतो. असे दाणे आले तर तांदळाबरोबर शिजू द्या. धुताना तरंगले तर ओतून देऊ नका.

भाजीचा विषय निघाला की आपल्या जमिनीचा विषय निघतो. 1877 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आला. पाटाचं पाणी आलं, पुढे ऊस आला, कारखाने आले. त्या पाण्याने या भागाचं दैन्य हटवलं, यात शंका नाही. पण शेत एका पिकाचं झालं तशी बांधावरची आणि पिकातली भाजी गेली. तांदुळजा, घोळ, पाथरी, चिवळ, कुर्डू, चंदनबटवा. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन यायची. तिला त्याचे पैसे पडत नव्हते आणि मालकाचं तण निघत होतं. आता उसात तणनाशक मारतात. ते मारलेल्या रानातली भाजी चुकूनही आणू नका. पण ऊस लहान असताना पहिल्या तीन-चार महिन्यांत सरीच्या बगलेला मेथी, कोथिंबीर, हरभरा, कांदा निघतो, हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो. घरच्यापुरत्या दोन सऱ्या फवारणीविना सोडल्या तर उसाचं टनेज बुडत नाही. ज्यांना शेत नाही, त्यांना मोरीच्या सांडपाण्यावर शेवग्याचं एक झाड पुरतं. शेंगा आपण खातो, पाला शेळीला घालतो. त्या पाल्यात वजनाला वजन दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असतं. कोवळा पाला पिठल्यात, थालीपिठात, डाळीत घाला.

दूध तर आपल्या दारात आहे, पण सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं. घरात उरतं ते चहापुरतं. घालायच्या आधी अर्धा लिटर पोरांसाठी काढून ठेवलं तर पंधरा-सतरा रुपये कमी येतील. तेच दूध पिशवीतून विकत घ्यायचं झालं तर जवळजवळ दुप्पट भाव पडतो. आणि मासे खाणाऱ्यांसाठी आपल्याला उजनी आहे. धरणाच्या पाण्याने इंदापूर तालुक्यातली किती गावं उठवली ते तिथल्या लोकांना ठाऊक आहे. त्याच पाण्याने भिगवणचा मासळीबाजार दिला. तिथली चिलापी मटणाच्या भावाच्या जवळपासही जात नाही. आठवड्यातून एकदा ती घरात आली तर 85 ग्रॅमचा तो आकडा थोडा जवळ येतो.

इथवर पैशाचं झालं. आता जे बोलायचं आहे त्याला पैसे लागत नाहीत, आणि मला तेच सगळ्यात अवघड वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो आकडा 48 होता. म्हणजे रेशन वाढत असताना, रस्ते होत असताना, हा आकडा खाली आला नाही, वर गेला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तो 68.9 टक्के होता. आईचं रक्त कमी, म्हणून पोटातल्या बाळाच्या वाट्याला कमी, असं हे पुढे चालत राहतं.

आपल्या घरात बाई शेवटी जेवते. पुरुषांचं होतं, पोरांचं होतं, पाहुण्यांचं होतं. मग ती पातेलं पुढ्यात ओढते. त्यात उसळीचा रस्सा असतो, दाणे संपलेले असतात. तीन भाकऱ्या ती त्या रश्शात कुस्करून खाते आणि म्हणते, माझं पोट भरलं. पोट भरलं, ते धान्याने. टेंपलसाहेबाने ठरवलेलं जेवण तिने स्वतःसाठी स्वतःच्या हाताने ठरवून घेतलं. म्हणून माझं एक कळकळीचं मागणं आहे. उसळ झाली की पंगत बसायच्या आधी घरातल्या प्रत्येकाची वाटी भरून झाकून ठेवा, स्वतःची धरून. सासूबाईंनी हे सुरू केलं तर सुनेला सांगावं लागणार नाही. आणि इथे बसलेल्या पुरुषांनी आज घरी जाऊन पातेल्यात काय उरलंय ते डोळ्यांनी बघावं.

दोन लहान गोष्टी त्याला जोडून. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो. तास-दीड तास जाऊ द्या. जेवताना लिंबाची फोड, आवळा, कोथिंबीर असेल तर लोह जास्त लागतं. आणि उपवास. आठवड्याला दोन-दोन उपवास करणाऱ्या बाया इथे आहेत. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही. पण साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. त्याऐवजी भगर, राजगिरा, रताळं, शेंगदाण्याची आमटी आणि दूध घ्या, उपवास मोडत नाही.

हे सगळं ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यांचंही नाव घेतलं पाहिजे. दर हंगामात बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. पहाटे अंधारात चूल पेटवून बाई भाकऱ्या थापते, मिरचीच्या ठेच्याबरोबर त्या फडात जातात, आणि तेच दुपारचं आणि कधीकधी रात्रीचंही जेवण. आता त्यांचं शिधापत्रिकेवरचं धान्य इथल्या दुकानातही उचलता येतं, पण ते त्यांना सांगणारं कुणी हवं. त्यांची लहान मुलं अंगणवाडीत यावीत यासाठी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, जाऊन बोलवावं लागतं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी इथे थांबते, मेंढ्यांचं रिंगण होतं, परीट समाज धोतराच्या पायघड्या घालतो, आणि गावोगावचे लोक वारकऱ्यांना जेवू घालतात. जेवू घालायची सवय या गावाला आहे. ती कार्तिकात, टोळ्या आल्यावरही दिसावी, अशी माझी इच्छा आहे.

शेवटी शाळेबद्दल. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, आणि न खाणाऱ्या मुलांना केळं, द्यायचं ठरवलं होतं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला गेला. मला हा निर्णय पटलेला नाही आणि तो परत घ्यावा, असं मी जाहीरपणे म्हणते. पण तोवर मुलं मोठी होत राहणार. शंभर मुलांची शाळा धरली तर आठवड्याला एक अंडं म्हणजे सातशे रुपये. शाळेचे चाळीस आठवडे धरले तर वर्षाला अठ्ठावीस हजार. ग्रामपंचायत, दूध संस्था, सोसायटी आणि यात्रा कमिटी यांनी ही रक्कम वाटून घेतली तर प्रत्येकी सात हजार. अंडी गावातल्याच कोंबडीपालन करणाऱ्या बचत गटाकडून घ्यावीत, उकडायचं काम शाळेच्या स्वयंपाकीण मावशींना वेगळे पैसे देऊन सांगावं, आणि वाटताना मुली रांगेत मागे राहू नयेत एवढं गुरुजींनी पाहावं. हा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडायला कुणी तयार असेल, तर त्याचा मसुदा मी लिहून आणलेला आहे. सभा संपल्यावर माझ्याकडून घ्या.